मिसिंग

"गाडी मिसिंग मारतेय, धक्के खात चालतेय. देसले मास्तरांनी फसवलं मला!" जयवंत गॅरेजमध्ये येताच ओरडला. ही जुनी गाडी विकणाऱ्या मास्तरांना त्याने सकाळीच फोनवर वाट्टेल ते सुनावलं होतं.

रज्जाकभाईंनी चारही प्लग काढून दाखवले. काजळीने बरबटले होते. "गाडी घेऊन तीन वर्षं झाली. एकदा तरी सर्व्हिसिंग केलंत? मास्तर दर सहा महिन्यांनी आणायचे."

तेवढ्यात रिक्षातून मास्तरच उतरले, जुन्या पावत्यांची फाईल छातीशी धरून. "रज्जाकभाई, माझ्याकडून काही राहून गेलं होतं का, बघा हो."

"मास्तर, चूक माझीच आहे," जयवंत कसाबसा बोलला. "प्लग बसवले की मी घरी सोडतो तुम्हाला."

"नको," मास्तर शांतपणे म्हणाले. "रिक्षा थांबवलीय."