बाकीच्या अकरा तारखा

‘वरिष्ठ अधिकारी वर्षभरात किती वेळा पाहणीला आले?’ या प्रश्नापुढे अक्षतनं ‘एक’ लिहिलं होतं. शेजारी तारीखही घातली होती, सहा ऑगस्ट.

विभावरीनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकच होतं. वरिष्ठ अधिकारी म्हणजे तीच. तिचा स्वतःचा वार्षिक अहवाल तिथंच टेबलावर पडला होता आणि त्यात पिपरखेडी नगर परिषदेपुढे ‘बारा दौरे’ असा आकडा होता. दोन्ही कागद आज एकाच लिफाफ्यातून भोपाळला जायचे होते. तिचा बढतीसाठी, त्याचा नोकरी पक्की होण्यासाठी. तिच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. या खेपेला बढती हुकली की हुकलीच.

सिविल लाइंसमधल्या या ऑफिसात ‘बारा’ लिहिणं म्हणजे खोटं बोलणं आहे असं कुणाला वाटतच नसे. पत्राच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहितात, तसंच ते. आधीच्या साहेबांनी बाराच लिहिले होते, त्यांच्या आधीच्यांनीही. हाताखालच्या सातही नगर परिषदांमधले लोक इमानेइतबारे ‘बारा’ लिहून पाठवत आणि कागदी घोडे महिन्याच्या महिन्याला पिपरखेडीला जाऊन येत. अक्षत मात्र नवा होता. पिपरखेडीत स्वच्छता निरीक्षक म्हणून लागल्याला जेमतेम दोन वर्षं होत होती. बारा लिहायचं असतं, हे बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ऑफिसातले हेडक्लार्क, बडे बाबू दुबेजींनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

“लड़का बाहर ही बैठा है, मैडम. बुलाकर ठीक करवा लेते हैं. दो मिनट का काम है.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे दुबेजींना तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. विभावरीनं होकारार्थी मान हलवली.

अक्षत आत आला. शर्टाच्या बाह्या नीट खाली केलेल्या, हातात फाइल. घरी मराठी, बाहेर सगळी हिंदी, अशा घरातला मुलगा. विभावरीशी मात्र तो धडपडत का होईना, मराठीतच बोले.

“हे ‘एक’ काहून लिहिलं रे?” तिनं विचारलं.

“चुकलं काय, मॅडम? तारीख तर मी डायरीत पाहून लिहिली.”

“तारखेचं नाही म्हणत मी.”

“तुम्ही आल्या होत्या ना त्या दिवशी!” त्याचा चेहरा खुलला. “वॉर्ड चारमध्ये तुम्ही गाडीतून उतरून नालीपर्यंत पायी गेल्या. तुमची चप्पल चिखलात फसली होती. दुसऱ्याच दिवशी नाली उपसायला मशीन आली. चार महिने मी अर्ज लिहून राहिलो होतो, कोणी ऐकत नव्हतं. त्या मोहल्ल्यात यंदा एकालाही डेंगू नाही झाला, मॅडम. लोग अभी तक पूछते हैं, वो मैडम फिर कब आएँगी.” मग तो जरा लाजला. “तुमचं नाव व्हावं म्हणून तारीख लिहिली.”

विभावरीला ती चप्पल आठवली. दोनदा धुऊनही वास जाईना, म्हणून तिनं ती टाकून दिली होती. त्यानंतर पिपरखेडीचा विषय निघाला की तिला नेमकं दुसरं काहीतरी काम निघे. तिला मनापासून लाज वाटली. शिव्या देऊन कुणी हे सांगितलं असतं तर परवडलं असतं, असंही वाटून गेलं.

दुबेजींनी खिशातलं पेन काढलं आणि अक्षतच्या हातात दिलं.

“लो बेटा. एक काटो, बारह लिखो.”

अक्षतनं दुबेजींकडे पाहिलं, मग तिच्याकडे. वाद घालायचं त्याच्या मनातही आलं नाही. मोठी माणसं सांगताहेत म्हणजे तशीच पद्धत असेल. तो टेबलावर वाकला, पेनाचं टोपण काढलं आणि थांबला.

“मॅडम, बाकीच्या अकरा तारखा कोणत्या लिहू?”

खरंच विचारत होता तो. त्याला उत्तर हवं होतं.

दुबेजी खिडकीकडे बघायला लागले. विभावरीनं हात पुढे करून त्याच्याकडून पेन घेतलं. त्याच्या फॉर्मवर शेवटचा एक रकाना तिनं भरायचा उरला होता, ‘सत्यनिष्ठा’. तिथं तिनं ‘निःसंशय’ लिहिलं आणि सही केली. मग स्वतःचा अहवाल पुढे ओढला, पिपरखेडीपुढचे ‘बारा’ खोडले आणि वर ‘एक’ लिहिलं.

“मैडम, सोच लीजिए,” दुबेजी हळूच म्हणाले. “प्रमोशन का मामला है.”

तिनं अहवाल मिटायला घेतला. अक्षत घुटमळला.

“मॅडम, खोडलं तर बाजूला छोटी सही लागते. ट्रेनिंगमध्ये तुम्हीच सांगितलं होतं.”

तिनं छोटी सही केली. सही करताना नजर खाली गेली. पिपरखेडीच्या खाली आणखी सहा नगर परिषदा होत्या आणि सहाही ओळींत तिच्याच वळणदार अक्षरात ‘बारा’ लिहिलेलं होतं.

तिनं पेनाचं टोपण लावलं नाही.

“दुबेजी,” ती म्हणाली, “ज़रा गाड़ी की साल भर की लॉगबुक ले आइए.”