पैलवानाचे कान

"उतरा दोघंबी," रिसालदार नाथाजी म्हणाले, "आन् एकमेकांच्या गाडीवर बसा."

कडेगावच्या मैदानावर असा गलका झाला, विचारू नका! घोडागाडीच्या स्पर्धेत सिद्धू आन् धनाजी बरोबरीत आलते. सजावटीत बरोबर, चालीतबी बरोबर. राहिलीती ती हाताची फेरी. ह्यात घोड्याला मार्क न्हाईत, हाकणाऱ्याला. विटांवर लिंबं मांडलेली, मधनं गाडी काढायची, लिंबू पडाय नको. जिंकंल त्याची गाडी यात्रेत पालखीच्या पुढं. आन् दोघांत फरक कळंना म्हणून परीक्षक नाथाजींनी हा डाव टाकला, गाड्याच बदला!

नाथाजी साताऱ्याचे, फौजेत घोड्यांत जन्म गेलेला माणूस. "मी नुसतं लिंबू बघत न्हाई," त्यांनी बजावलं, "घोड्याचे कान बघतो. पुढं असले तर घोडा खुशीत. मागं पडले तर भ्यालाय, न्हाईतर चिडलाय. हात कसा हाय ते कान सांगत्यात."

सिद्धूला तर उकळ्या फुटाय लागल्या. वर्षभर त्याचं एकच पालुपद. "धन्याकडं काकवी हाय म्हणून त्याचा रुबाब. ती घोडी द्या माझ्या हातात, मग बघा. आमच्या नशिबी ह्ये घोडं!" आन् असं म्हणत आपल्या घोड्याच्या, पैलवानाच्या, पाठीत चाबकाची मूठ. काकवी नावासारखीच, रंगबी तसा आन् चालबी तशी, एकसारखी धार. धनाजीच्या दारावरनं जाताना सिद्धू मान वळवायचा न्हाई, पण डोळं काय ऐकत्यात व्हय?

"मिळाली एकदाची!" त्याची बायको समीक्षा दोरीपल्याडनं वरडली. "आता तरी हसा!"

सिद्धू आधी निघाला. चार पावलं काकवी झक्कास चालली. मग वळण आलं आन् ह्यानं सवयीनं लगाम खेचला. घोडीनं मान झटकली. ह्यानं अजून खेचला. एक लिंबू पडलं. दुसरं पडलं. काकवीचे कान मानेला चिकटले आन् शेवटच्या विटांपाशी ती उभीच राह्यली. चुचकारलं, दटावलं, हालंना.

"घोडी बिघडवून ठेवलीया धन्यानं!" उडी मारून सिद्धू म्हणाला.

"असंल," धनाजी म्हणाला. बास, एवढंच.

त्यो पैलवानापाशी गेला. गाडीवर चढायच्या आधी नाकापुढं हात धरला, निवांत वास घेऊ दिला. मग वर बसला. लगाम असा सैल, की धरलाय का न्हाई कळंना. चाबूक खालीच राह्यला.

"चल बाबा."

आन् पैलवान चालला! आईशप्पथ, त्योच पैलवान, ज्याला रोज पाणी प्यायला न्यायलाबी ढकलाय लागायचं! मान वर, पाय असं उचलतोय जणू वरातीत निघालाय. विटांमधनं वळला, एक लिंबू हाललं न्हाई. आन् कान? दोन्ही पुढं, टोकदार, नुकत्या फुटलेल्या पानागत.

सिद्धू बघतच राह्यला. काकवी शेजारी उभी होती, त्याचं ध्यानबी न्हवतं तिकडं. आजवर ज्या डोळ्यांनी धनाजीची घोडी बघायचा, त्याच डोळ्यांनी आता स्वतःचा घोडा बघत होता.

"वा! काय जनावर हाय!" नाथाजी खुर्चीतनं उठले.

"धनाजी! धनाजी!" मैदान वरडाय लागलं.

सिद्धू दोरीखालनं घुसला, कोपरं मारत पळत सुटला. "धनाजी धनाजी काय लावलंय? घोडा माझाय! सायेब, माझा हाय त्यो! माझा पैलवान!"

आवाज कानावर पडला आन् पैलवान जागीच थांबला. त्याचे दोन्ही कान सावकाश मागं गेले.