दरबातचं धुकं

नात नुवैरचं लग्न झालं त्या वर्षीच्या खरीफात, डोंगरावर धुकं आणि भुरभुर पाऊस उतरतो त्या मोसमात, म्हातारा बखीत पुन्हा एकदा दरबात खोऱ्याच्या कड्यावर गाडीतून उतरला आणि धुक्याला शिव्या घालू लागला. चार हातांवरचं दिसत नव्हतं. उन्हाळाभर भाजून निघालेलं खोरं खाली हिरवंगार झालं असणार, पण ते फक्त ओल्या गवताच्या वासावरून कळत होतं.

"झालं समाधान?" तो बायकोवर खेकसला. "हे बघायला पोराच्या मागं लागतेस?"

"उठेल धुकं. बस जरा. चहा घे," तुफूल म्हणाली.

"आणि चहात बोट कशाला बुडवतेस, बाई? पेला भरलेला कळत नाही?"

खरीफ लागल्यापासून म्हातारीचा एकच हट्ट. मला माझं खोरं बघायचंय. तिथंच दोघांचा संसार झाला होता. मुलानं, मुसल्लमनं, त्यांना खाली सलाला शहरात आणून ठेवलं त्याला बरीच वर्षं झाली. बखीतनं स्वतःसाठी मुलाकडे कधी काही मागितलं नव्हतं. ही बया मात्र दर शुक्रवारी गाडी काढायला लावायची. मग आखाती देशांतून हिरवळ बघायला आलेल्या गाड्यांच्या रांगेत सकाळ जायची. जिथं बखीतच्या गायी चरायच्या, तिथं ही पाहुणी माणसं मांस भाजत बसायची. त्यात त्याचा हा खोकला. डॉक्टरनं त्याच्या हातावर गोळ्या ठेवल्या आणि बोलणं मात्र बाहेर नेऊन मायलेकांशी केलं. त्याचाही राग त्याच्या डोक्यात होताच.

"आई, बाबा भिजताहेत. जायचं का?" मुसल्लमनं विचारलं.

"तू गाडीत बस."

तेवढ्यात वारा फिरला आणि धुकं फाटलं. गाड्यांपाशी लोकांनी एकच गलका केला. खाली पाणी, उंबरांची झाडं, गवतात काळ्या गायी, आणि पलीकडच्या कपारीत त्यांची गुहा. खरीफात गायींसकट दोघं तिथंच राहायची. बखीत उठून उभा राहिला. खोकायचंही विसरला.

"तुफूल! अगं, आपली गुहा बघ!"

"बघतेय की. काय हिरवं झालंय!"

त्यानं वळून पाहिलं. गलका झाला त्या बाजूला, गाड्यांकडे तोंड करून, खोऱ्याकडे पाठ फिरवून ती हसत बसली होती.

त्यानं तिच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणी हलली नाही.

"मग हा हट्ट कुणासाठी गं, मूर्ख बाई?"

"तुझ्यासाठी चल म्हटलं असतं, तर आला असतास?" ती म्हणाली. "पोटभर बघितलंस ना? मग चल."

बखीत त्याच वर्षी गेला. खरीफ सरला होता, पण पावसाभर मैदानात उतरवलेले उंट चरायला अजून डोंगरावर परतायचे होते.