नंतरचा फोटो

सोल शहरातल्या त्या दवाखान्यात, जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर चेहरा कसा दिसेल ते संगणकावर आधीच दाखवायचं काम तेसिककडे होतं. हारिम आली तेव्हा पुढे आलेली हनुवटी लपवणारा मास्कसुद्धा काढायला तयार नव्हती. डॉक्टरांनी दिलेल्या मापाने तेसिकने फोटोतला तिचा जबडा मागे घेतला आणि जाता जाता, सगळ्यांच्या फोटोत करायचा तसे, ओठांचे कोपरे किंचित वर उचलले.

"अगंबाई, ही मी? किती खुशीत दिसतेय!" म्हणत तिने तिथल्या तिथे शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही केली.

शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने ती तपासणीला आली, तेव्हाही मास्क लावूनच. डॉक्टरांनी तो काढायला लावला, तिला पडद्यावरच्या त्याच फोटोशेजारी उभं केलं आणि तेसिकच्या पाठीत थाप मारली. "बघ लेका, तुझं चित्र आणि माझा हात! मिलिमीटरभर इकडचं तिकडे नाही."

तेसिकला मात्र मान वर करवेना.

डॉक्टर गेल्यावर मास्क पुन्हा चढवता चढवता हारिमने त्याला हळूच विचारलं, "दादा, बाकी सगळं फोटोतल्यासारखं आलं हो. ते हसू किती दिवसांनी येतं?"