गोलातल्या सह्या

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात अकरा पोलीस शिपायांचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आला. साहेबांनी मजकूर वाचलाच नाही. त्यांना पहिली सही हवी होती. ती ज्याची, तोच पुढारी, आणि त्याची बदली थेट दर्यापूरला करायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पण सह्या एका मोठ्या गोलाच्या कडेनं चहूबाजूंनी केलेल्या होत्या. साहेबांनी कागद चार वेळा फिरवून पाहिला.

"यात पहिला कोण?" त्यांनी अर्ज घेऊन आलेल्या नत्थुजी जमादाराला विचारलं.

"गोलात पहिला कोठून येईन, साहेब?"

"बरं. मग सभा कुठे भरली? पोलीस लाइनीत सभेला बंदी आहे, ठाऊक आहे ना?"

"लाइनीत नाई जमले, साहेब. तुमच्या बंगल्यामागं जमले होते."

"माझ्या? कोणाच्या परवानगीनं?"

"बाईसाहेबांनीच बोलावलं होतं. चार जण कुरड्या घालून राहिले होते. तिघं गहू निवडत होते, तिघं म्हशी धुत होते, आन देवमन भांडे घासून राहिला होता." नत्थुजीनं अर्जावरच्या गोलावर बोट ठेवलं. "हा गोल तुमच्याच ताटावरून काढला हाये. तवाच घासून झालं होतं."

साहेबांनी कागद हळूच खाली ठेवला.

"तुमची मागणी तरी काय आहे?"

"तेच तं सांगून राहिलो, साहेब."