सव्विसावा थेंब

"चोवीस, पंचवीस, सव्वीस," टाकीतल्या पाण्याच्या नळीत थेंब सोडत घड्याळजी मोठ्याने मोजत होता.

"थांबा," बायको म्हणाली. "झालं निळं."

गुलाबी पाणी निळं व्हायला किती थेंब लागले ते मोजायचं, दर थेंबाला पन्नास; सव्वीस थेंब म्हणजे तेराशे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम असतं जवळजवळ तेवढंच. घड्याळजीने वहीत आकडा लिहिला आणि भिंतीलगतच्या काचेच्या टाकीकडे पाहिलं. आकडा सोन्यासारखा होता आणि आत पोवळं पांढरं पडत चाललं होतं.

अकरा वर्षांपूर्वी त्याने नखाएवढा तुकडा आणला होता. त्याची हातभर रुंद वसाहत झाली. आता त्यातला तळहाताएवढाच भाग जिवंत होता, आणि तोही गेला की संपलं. माणसाला भलत्याच गोष्टीचा लळा लागतो, त्याला इलाज नाही. लेकीला बाळ झालं तेव्हासुद्धा बायको एकटीच जाऊन आली. टाकी कोणाच्या भरवशावर सोडायची?

डोळ्याला भिंग लावून तो केसाएवढी स्प्रिंग बसवायचा, पण गुलाबी आणि निळा त्याला सारखेच करडे दिसत. म्हणून दर रविवारी सकाळी थेंब सोडायचा तो आणि रंग बघायची ती. पोवळं पाण्यातलं मॅग्नेशियम शोषून घेतं आणि ते घटलं की मरतं; आकडा कमी आला की मॅग्नेशियमची पूड घालायची, एरवी नाही. गेले पाच महिने आकडा एकदाही कमी आला नव्हता.

"मग हे मरतंय कशाने?" तो म्हणाला.

"आधी घातलेल्या पुडीतच काही असेल, पाण्यात मुरलेलं," बायको हात पुसत म्हणाली. "एवढं स्वस्त कोणी उगाच देतं का? माझं आपलं एक मन सांगतं."

पूड द्यायचा ड्रमवाला. शाळेत घड्याळजी आणि तो एका बाकावर बसले होते. तो कारखान्यांना रसायनं पुरवणाऱ्या गोदामात होता. टाकीवाल्यांच्या दुकानात ज्या भावात बाटली मिळते, त्या भावात तिथे अख्खं पोतं येतं. परदेशात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात तेच ते. ड्रमवाला त्यातलं चांगलं निवडून, किलोकिलोच्या पिशव्या करून सगळ्या हौशी टाकीवाल्यांना द्यायचा. घड्याळजीची पिशवी तो घरपोच आणायचा आणि वर चहा पिऊन जायचा.

संशय एकदा डोक्यात शिरला की घर करून बसतो. टाकीवाल्यांच्या महिन्याच्या बैठकीत घड्याळजी उभा राहिला आणि म्हणाला, "ड्रमवाल्याच्या मालात भेसळ आहे. माझं पोवळं त्याने मारलं." ड्रमवाला दाराशीच बसला होता.

"त्याच पोत्यातली पूड मी वापरतो," दातांचा डॉक्टर म्हणाला. "माझी टाकी ठणठणीत आहे."

"मग माझ्या वाट्याला मुद्दाम वेगळी आली असेल."

सहा जणांनी पिशव्या परत केल्या, त्या ड्रमवाल्याने उचलून नेल्या. त्या संध्याकाळी घड्याळजी जेवला नाही. बायको जवळ बसली, पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे, माणसं ओळखू येत नाहीत," ती म्हणाली, आणि तिचेही डोळे भरून आले.

पंधरा दिवसांनी ड्रमवाला घड्याळजीच्या दुकानात आला.

"भांडायला आलेलो नाही," तो म्हणाला. "तुझं ते तपासायचं किट काढ."

किट घड्याळजी दुकानातल्या खणातच ठेवायचा, रविवारपुरतं घरी न्यायचा. ड्रमवाल्याने दोन बाटल्या आणल्या होत्या. पहिलीत डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात ते. घड्याळजीने सोडलेल्या पहिल्याच थेंबाला ड्रमवाला म्हणाला, "निळं. मॅग्नेशियम नाही, म्हणून एका थेंबात." दुसरीत प्रयोगशाळेतून मोजून आणलेलं पाणी होतं, बरोबर तेराशेचं. घड्याळजीने मोजलं, ड्रमवाल्याने पाहिलं. सव्विसाव्याला तो म्हणाला, "आता निळं."

"म्हणजे किट चोख आहे," घड्याळजी म्हणाला.

"आणि ही माझी पूड. तपासून आणली. वाच कागद."

घड्याळजीने कागद वाचला. भेसळ नव्हती. विष नव्हतं. त्याने तो पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"मग कसं रे?" तो म्हणाला. "पूड बरोबर, आकडा बरोबर, आणि तरी मरतंय."

"घरी रंग कोण बघतं?"

"ही बघते. मला कुठे कळतोय रंग?"

ड्रमवाल्याने पहिली बाटली त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "एका बाकावर बसलो लेका आपण. चारचौघांत मला चोर ठरवलंस. आधी एकदा विचारलं तरी असतंस."

ड्रमवाला बाटल्या तिथेच टाकून निघून गेला. त्या दिवशी एकही घड्याळ दुरुस्त झालं नाही.

रविवारी बायको पहाटेच उठली होती. घर झाडून झालं होतं. ती खुशीत होती, म्हणजे त्याला तसं वाटलं.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "आता हे काही फार दिवसांचं राहिलं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आवरलं की महिनाभर लेकीकडे जाऊ. दोघंही."

"बघू," तो म्हणाला. "आधी आकडा घेऊ."

तो नळीत पाणी घेऊन आला आणि खिडकीपाशी बसला. नेहमीसारखी ती समोर बसली. त्याने थेंब सोडायला सुरुवात केली. "एक, दोन, तीन." ती नळीकडे टक लावून बघत होती. दहा झाले, पंधरा झाले. विसाव्यानंतर तो भराभर थेंब सोडू लागला, तेव्हा ती मायेने म्हणाली, "सावकाश, घाई नाही."

"चोवीस," तो म्हणाला. "पंचवीस. सव्वीस."

"थांबा," ती म्हणाली. "झालं निळं. तेराशे, अगदी बरोबर."

घड्याळजीने वही उघडली नाही. नळीत ड्रमवाल्याच्या पहिल्या बाटलीतलं, बॅटरीचं पाणी होतं.