गच्चीवरची चादर

"पाचोरा आला की झापड काढू देईन," सरांनी उड्डाणाआधी कबूल केलं होतं. झापड लावून, बाहेरचं काही न बघता, नुसत्या यंत्रांच्या काट्यांवर विमान न्यायचं. हे माझं शेवटचं लांबचं शिकाऊ उड्डाण. पाचोऱ्यात आमच्या गच्चीवर बाबा थांबणार होते.

धावपट्टी जवळ आल्यावर सर म्हणाले, "काढ आता."

"आणि पाचोरा?"

"मागेच गेला. गच्चीवर कुणीतरी लाल चादर हलवत होतं."

"सर, तुम्ही कबूल केलं होतंत!"

"म्हणून तर इतकं सरळ उडवलंस. शाब्बास!"

उतरले तोच बाबांचा फोन. "दिसलो का गं?"

"दिसलात की."

"चादर कुठल्या रंगाची होती, सांग!"

"लाल." न बघता अचूक राहायचं, एवढंच तर सरांनी शिकवलं होतं.

पलीकडे बाबा आळीला ओरडून सांगत होते, "बघा, पोरीनं पाहिलं!"